क्रॉकेटचं अर्धंच सांगितलंस

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, तूही फोन ठेवून दिलास. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणून लिहितोय, कागदावर ओरडता येत नाही. नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

शाळामंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणतोस, राहा. पण ज्या पदाला दमडीचा पगार नाही, त्याच्या प्रचारासाठी चालती नोकरी सोडायची, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. वर तो जुन्या काळचा अमेरिकन पुढारी डेव्ही क्रॉकेट, त्याचा दाखला! अरे, तुमच्या टेक्सासातली ती अलामोची जुनी गढी तूच दाखवलीस, मग रोज रात्री क्रॉकेटची हकीकत तूच वाचून दाखवलीस. टेनेसीच्या रानात अस्वलं मारणारा माणूस आधी गावपातळीवर न्यायनिवाडे करायचा, १८२१ ला राज्याच्या विधिमंडळात गेला, १८२७ ला थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. कबूल. पण तो पहिल्यांदा विधिमंडळात बसला होता तेव्हाच शोल क्रीकला पूर आला आणि त्याची पिठाची गिरणी, बंदुकीच्या दारूचा कारखाना, सगळं वाहून गेलं, हे कसं विसरलास? बायको म्हणाली, आहे ते देऊन टाका, देणं फेडा. अश्विनीही म्हणेल. तिच्यावर ती वेळ का आणायची? घराचे हप्ते काय मंडळ भरणार आहे?

बघ, काढलाच विषय. राग मानू नकोस.

एक मात्र सांगतो. १८३० मध्ये चेरोकी वगैरे तिथल्या मूळच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकायचा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन क्रॉकेटच्याच राज्यातला, तरी टेनेसीच्या खासदारांत ह्या एकट्याने विरोधात मत दिलं. पुढच्या वर्षी पडला. ते वाचताना तुझा आवाज बदलला होता. तेव्हाच मला कळलं होतं, हा कधीतरी उभा राहणार.

आणि क्रॉकेटच्या लहानपणची ती कर्जाच्या चिठ्ठीची गोष्ट. शाळेच्या भानगडीत बापाच्या माराला भिऊन पोर घरातून पळालं, अडीचेक वर्षांनी परतलं. बापाच्या खानावळीत वाटसरूंच्या पंगतीत मुकाट जेवत बसलं, थोरल्या बहिणीनेच ओळखलं. मग बापाचं छत्तीस डॉलरचं कर्ज सहा महिने राबून फेडलं. पुढे चाळीस डॉलरची दुसरी चिठ्ठी, आणखी सहा महिने. ती बापापुढे धरली तर बापाला वाटलं, हा वसुलीलाच आलाय. फेडली म्हटल्यावर रडला. त्या रात्री मी तुला पुढचं पान वाचू दिलं नाही, झोप आली म्हणालो. आपलेच दिवस आठवले: मी ग्रामपंचायतीला अकरा मतांनी पडलो होतो, तुझ्या आईच्या पाटल्या गहाण होत्या, आणि तू स्कॉलरशिपचे पैसे माझ्या सदऱ्याच्या खिशात गुपचूप ठेवले होतेस. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली. तुला आठवत नसेल. मला प्रत्येक महिना आठवतो, म्हणून नोकरी नोकरी करतो.

१८३५ ला पुन्हा पडल्यावर क्रॉकेट तुमच्या टेक्सासला आला. जानेवारी १८३६ मध्ये मुलीला पत्र लिहिलं: माझी काळजी करू नका, मी मित्रांत आहे. इथेही राज्यघटना लिहिणाऱ्यांत निवडून येईन अशी आशा होतीच! सहा मार्चला अलामोच्या लढाईत संपला. रविवारी तूही म्हणालास, 'बाबा, काळजी करू नका.' कशी करू नको?

बिनपगारी रजा मिळते का, तेवढं विचारून बघ. मग सोडणार नाहीस ना? बरं, पुरे.

काल आईने पाटल्या कपाटातून काढल्या, फडक्याने पुसल्या, परत ठेवल्या. मी विचारलं नाही, ती बोलली नाही.

तुझा,
बाबा

ता.क. तिकडे चिन्ह नसतं म्हणे. असलंच तर कपबशी घेऊ नकोस.