लंबूस पत्र: सहा बटणं

प्रिय लंबू,

दीड वर्ष तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घाल, पण नंतर. आधी हे ऐक. आपल्या मेलडी मेकर गिटारच्या तिसऱ्या तारेच्या खुंटीचं बटण परवा माझ्या बोटांत फुटलं. तुकडा नाही पडला, सरळ भुगा झाला. सूर जरासा चढवत होतो, तर चिमटीत पिवळी पूड आणि समोर नुसती धातूची काडी. घरात सांगितलं, "गिटारचं बटण तुटलं," तर ही म्हणाली, "सुई-दोरा देऊ?" आता कुणापाशी रडू, तूच सांग.

तब्येत ठीक. गुडघा तसाच.

तर ते बटण. क्लूसन कंपनीच्या खुंट्यांवरच्या त्या काळच्या बटणांचं हे दुखणं जुनंच. प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं, ठिसूळ होतं आणि एक दिवस राम म्हणतं. बाकीची पाच वरून धडधाकट वाटतात, पण दिव्याखाली धरलं की बारीक चिरा दिसतात. चार दिवस मी पक्कड लावून सूर लावला. हो, मीच! गिटारला हात लावण्याआधी तुला हात धुवायला लावणारा मी. काडीवर पकडीचे दात उमटलेत.

हसू नकोस. तुझं ड्रिल प्रकरण मी विसरलेलो नाही. बंद डब्यांच्या त्या जाडजूड खुंट्या आणि दाढीच्या बापाचं ड्रिल घेऊन आला होतास. त्यांना 10 मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या क्लूसनचं साधारण 8.7. मी हेडस्टॉकवर, खुंट्या बसतात त्या गिटारच्या डोक्यावर, अक्षरशः आडवा पडलो, तू मला "म्युझियमचा वॉचमन" म्हणालास आणि मग तीन महिने अबोला. लाकूड शाबूत राहिलं म्हणूनच आज नुसत्या बटणांवर भागतंय, एवढं कबूल कर. आणि हो, गिटारचं झाकण उघडलंच होतं तर आवाज कमी-जास्त करणारा आतला पॉटही पुसून त्यावरचा आकडा पाहिला: 1376420. 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढे 64 साल, 20वा आठवडा. तुझं '62 सालची आहे, पैज लाव' आता बंद.

बटण बसवणं मात्र मजेचं काम निघालं. तार सैल केली, काडीवरचं उरलंसुरलं खरवडलं, नवं बटण टोकावर धरलं आणि सोल्डरिंग आयर्न काडीला टेकवलं. काडी तापली की प्लास्टिक मेणासारखं मऊ होतं आणि बटण आपसूक आत सरकतं. त्याच क्षणी ते सरळ धरायचं आणि गार होईपर्यंत श्वासही घ्यायचा नाही. मी घेतला. बटण वाकडं बसलंय, फिरवलं की लंगडतं.

आणि रंग! पाच पिवळ्यांत हे एक पांढरंशुभ्र, नव्या कवळीचा दात. सहाही बदलणं शहाणपणाचं, आणलीतही सहा. पण चौथ्या तारेचं बटण आठवतंय? तू तारेच्या टोकाला सिगरेट खोचून ठेवलीस, विसरलास, आणि त्याच्या कडेला तपकिरी डाग पडला. त्या डागावरून मी तुला किती वर्षं बोललो असेन! आता तेच काढायला हात धजत नाही. ठेवलं तर आज ना उद्या फुटणारच. काढून डबीत ठेवावं, तर डबीतही भुगाच होणार. चार दिवस हाच किडा डोक्यात वळवळतोय, कामात लक्ष नाही.

गिटार अर्धी तुझी, म्हणून विचारतो. बाकीची चार या रविवारी उरकतो आणि लंगडं सरळ करतो. चौथीला तुझा निरोप येईपर्यंत हात लावत नाही.

तुझं घर बदलणं झालं का? पोरगी चालायला लागली असेल ना? वहिनींना नमस्कार. दाढीचा फोन आला होता. तो काही सांगेल, त्यातलं अर्धंच खरं मान.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू लगेच ड्रिलवर येतोस.

तुझा,
जाड्या