चिऊच्या काळजाबद्दल, सुन्यास

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुन्या,

परवा तुझ्या तान्ह्या चिऊच्या हृदयाला भोक आहे हे सांगताना फोनवर तू रडलास आणि मी नुसता "हं, हं" करत बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सवडीनं वाच. मधला एक भाग वहिनींसाठी आहे, तो त्यांना वाचायला दे.

मी डॉक्टर नव्हे. पण स्वतःच्या छातीतल्या भोकापायी दोन वर्षं हेच वाचतोय आणि डॉक्टरांचं डोकं खातोय. तू पाठवलेल्या रिपोर्टात कामाचं एवढंच आहे: भोक खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला आहे, पडद्याच्या मांसल भागात आहे आणि 3 मिलिमीटरचं आहे. नुसतं "हृदयाला छिद्र" ऐकलं की पायाखालची वाळू सरकते. पण कुठल्या पडद्याला आणि केवढं, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही.

आपण रात्री उसात दारं धरायला जायचो, ते आठव. पाटात पाण्याला जोर, सरीत कमी. मधला बांध फुटला की पाणी जोराकडून सुटतं. इथंही तसंच. डाव्या कप्प्याला अंगभर रक्त ढकलायचं असतं, त्याचा दाब जास्त. उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच न्यायचं, त्याचा कमी. त्यामुळं डावीकडचं शुद्ध रक्त भोकातून उजवीकडं येतं आणि परत फुप्फुसांत जातं. भोक मोठं असेल तर तिथं तुंबारा होतो. बाळ दूध पिताना दमतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पाठ सोडत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या निबर होतात, दाब उलटतो, अशुद्ध रक्त अंगभर जायला लागून ओठ-नखं निळी पडतात. मग भोक बुजवायची वेळ गेलेली असते. आपल्या शिरोळकडं जास्तीच्या पाण्यानं रानं क्षारपड झाली, तसलंच. नंतर पाणी तोडलं म्हणून रान सुधारतंय होय?

चिऊचं तसं नाही. तिचं भोक लहान आहे, आणि मांसल भागातली असली लहान भोकं पोर वाढता वाढता पुष्कळदा आपोआप मिटतात. "पण डॉक्टर म्हणाले, हृदयातला आवाज फार मोठा आहे," असं तू चार वेळा सांगितलंस. अरे, उथळ पाण्याला खळखळाट फार! बारीक भोकातून रक्त जोरात सुटतं म्हणून आवाज मोठा. भोक फार मोठं असलं तर आवाज उलट कमी येऊ शकतो. बाळंतपणाच्या दवाखान्यात कसं कळलं नाही म्हणून तू चिडलायस, त्याचंही उत्तर यातच आहे. पहिले काही आठवडे बाळाच्या फुप्फुसांतला दाबही चढाच असतो. दोन्हीकडं जवळपास सारखाच जोर असल्यावर बांधातून वाहणार काय, आणि ऐकू येणार काय?

आता वहिनींसाठी. सातव्या महिन्यात ग्रहणात विळी धरली म्हणून पोरीला भोक पडलं, असं तुझी आत्या सगळ्यांना सांगत फिरते म्हणे. वहिनी, बाळाच्या हृदयाचे पडदे आठव्या आठवड्याच्या आसपासच बांधून होतात. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा नुकतंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातली विळी दुसऱ्या महिन्यात बांधलेल्या भिंतीला मागं जाऊन भोक पाडत असेल तर आत्यांना माझा कोपरापासून नमस्कार. हजार बाळांमागं आठ-दहा बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात आणि बहुतेकांचं एकच असं कारण सापडत नाही. कधी आईची साखर, कधी गरोदरपणात झालेला रुबेला नावाचा गोवरासारखा आजार, कधी गुणसूत्रांचा दोष. भाजी चिरणं त्यात नाही.

माझं मात्र वरच्या दोन कप्प्यांमधलं. तिथं दोन्हीकडच्या दाबात फरक थोडाच, म्हणून भोकाचा आवाज जवळजवळ नाही. शाहू स्टेडियमवर पेठेसाठी फुटबॉल खेळलो, कुणाला कळलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, रात्री छातीत धडधड. एका दवाखान्यात दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर 18 मिलिमीटरचं भोक आणि हृदयाची उजवी बाजू फुगलेली. डॉक्टरांनी जांघेतल्या शिरेतून नळी घालून बारीक तारेच्या जाळीची छत्री बसवली. निकेल-टायटॅनियमची तार. नळीत घडी होऊन जाते, आत सुटली की मूळ आकारात उलगडते आणि तिच्या दोन चकत्या पडद्याला दोन्हीकडून धरतात. टाका नाही, छाती उघडणं नाही. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, तोवर जाळीवर हृदयाचंच अस्तर चढतं. आता जोतिबाला जातो, पण फुटबॉल बघतोच नुसता.

पैशाचं मनात आणू नको. आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या नातवाचं मोठं भोक अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं हेरलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन फुकट झालं. पोरगं आता गल्लीत काचा फोडतंय.

"बाप म्हणून मी काय करू?" असं विचारलंस. 1954 साली अमेरिकेत मिनेसोटात लिलेहाय नावाच्या सर्जननं चिऊसारखंच, खालच्या पडद्याचं भोक उघड्या हृदयात शिवलं. तेवढा वेळ हृदयाचं काम करणारं यंत्र मदतीला नव्हतं, म्हणून बाळाच्या रक्तवाहिन्या बापाच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या आणि तेवढा वेळ बापाच्या हृदयानं दोघांचं काम केलं. ते पहिलं पोर पुढं काही दिवसांत गेलं, पण त्याच वाटेनं नंतरची कितीतरी वाचली. तुला एवढं काही करायचं नाही. दर आठवड्याला वजन लिहून ठेव, दूध पिताना घाम येतो का बघ, लशी चुकवू नको. आणि पोर गुटगुटीत दिसतंय म्हणून पुढचा एको टाळू नको. तू टाळशील, मला माहीत आहे.

म्हणून त्या दिवशी मीच येतो. सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत पिंपरीत. येताना भडंग आणतोय, वहिनींना तिखट चालणार असेल तर आधी कळव, नाहीतर बिनतिखटाचं करून घेतो.

तुझा,
बाळ्या