चोवीस तासांनंतर

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज कापरा होतो आणि मी विषय बदलते, म्हणून लिहितेय. युनिटच्या प्रमुखांना मी लेखी दिलंय: सलग २४ तास झाले की नवीन पेशंट घेणार नाही, हँडओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पेशंटची सगळी माहिती सोपवून, निघेन. रागाच्या भरात नाही दिलं. तीनदा लिहून, फाडून, मग दिलं.

गेल्या महिन्यात ड्यूटीच्या एकतिसाव्या तासाला एका आजोबांच्या शीटवर मी ४ युनिट इन्सुलिनच्या जागी ४० लिहिले. सिस्टरांनी भरलेली सिरिंज खाली ठेवून मला हाक मारली, म्हणून आजोबा घरी गेले. ते लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही. बाबा, हा कामचुकारपणा नाही हो. २४ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखे चुकतात, हे १९९७ सालीच मोजून झालंय. तशा माणसाच्या हाती तुम्ही स्कूटरची किल्लीही दिली नसतीत. आणि अमेरिकेत २००४ साली छापून आलेला अभ्यास अतिदक्षता विभागातलाच आहे: इंटर्नच्या जुन्या, लांबलचक पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त.

तुम्ही म्हणाल, पाळ्या तोडल्या की पेशंट या हातातून त्या हातात जातो, मधे काहीतरी निसटतं. खरंय ते. म्हणून मी हँडओव्हर खाटेपाशी उभं राहून, लिहून देते. त्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

आत्या हॉस्पिटलात होती त्या रात्री तुम्ही त्या पेंगुळलेल्या डॉक्टरला एक शब्द बोलला नाहीत. का, ते मला आता कळतं.

कदाचित परीक्षा सहा महिने लांबेल. कर्जाचं मी बघते, तुम्ही दुकान वाढवायच्या गोष्टी करू नका. आई, जेवण वेळेवर होतंय, खोलीला जाड पडदा लावलाय, दिवसाही झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री बाबा दहाला दिवा घालवायचे आणि तू अंधारात माझे केस विंचरत बसायचीस. परवा झोपताना तेच आठवलं.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, बरं वाटलं म्हणून बंद नाही करायची. आई, गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात. आणि रात्री माझ्या फोनची वाट बघत बसू नकोस. ड्यूटी संपली की मी आधी झोपेन, उठले की तुलाच पहिला फोन.

तुमची,
छोटी