अंतर नेमकं कुठून मोजायचं

पुणे, १४ सप्टेंबर

प्रिय सुध्या,

तुझा तो धुरकट फोटो आणि त्याखालची चिडचिड, दोन्ही पोचलं. लेन्स दुकानात परत नेऊ नकोस. तिला काहीही झालेलं नाही, तू फार जवळ गेलास एवढंच.

तुझ्या ५० मिमी लेन्सवर ०.३५ मी असं छापलंय बघ. म्हणजे ३५ सेंटीमीटरच्या आतलं तिला स्पष्ट दिसतच नाही. तिथे कितीही बटण दाबलं तरी फोकसची मोटर नुसती कुरकुरत पुढेमागे फिरणार. आता हे ३५ सेंटीमीटर मोजायचे कुठून? मी कितीतरी दिवस पुढच्या काचेपासून मोजत होतो. ते मोजायचे सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात प्रतिमा जिच्यावर उमटते त्या पट्टीपासून. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक छोटं वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ असते ना, सेन्सर बरोबर त्या रेघेखाली असतो.

ही गोष्ट समजली आणि माझं किड्यांशी वागणंच बदललं. माझ्या १०० मिमी मॅक्रोचं, म्हणजे बारक्या गोष्टी जवळून टिपायच्या लेन्सचं, हे अंतर ३० सेंटीमीटर आहे. त्यातून लेन्सची लांबी आणि कॅमेऱ्याची जाडी वजा केली की काचेपुढे उरतात साधारण १३ सेंटीमीटर. ६० मिमी मॅक्रोला तर पाचच उरतात. किड्याची प्रतिमा दोन्ही लेन्स खऱ्या मापाची देतात, म्हणजे सेन्सरवर तो जेवढ्यास तेवढा उमटतो, पण पाच सेंटीमीटरवर लेन्सचीच सावली पडते आणि चतुर उडून जातो. त्यामुळे घ्यायचीच झाली तर १०० घे, माझं स्पष्ट मत आहे.

परवा आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर एक अळी सापडली, लिंबावर येतात त्या फुलपाखराची. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढरा पट्टा. फोकसची रिंग अगदी जवळच्या टोकाला नेऊन ठेवली, मग तिला हात लावला नाही. श्वास रोखून मीच केसभर पुढे, केसभर मागे झुलत राहिलो. लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोकं आलं की पाठ गेली. चाळिसाव्या फोटोत तोंडाजवळचा कुरतडलेला पानाचा काठ आला, दात्यादात्यांचा. अरे, किती वेळ बघत बसलो होतो!

तुला लगेच नवी लेन्स नकोच. २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसव. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की किड्याच्या जवळ जाता येतं, आणि तुझ्या ५० वर प्रतिमा खऱ्या मापाच्या निम्म्याहून मोठी मिळते. ट्यूब आहे तोवर लांबचं मात्र काही टिपता येणार नाही, आणि उजेडही जरा जास्त लागेल.

विकत घेण्याआधी माझी वापरून बघ. कढीपत्त्यावर अजून तीन अळ्या आहेत, एक आता हिरवी झालीय. रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या