अकरा जेवणं शिल्लक

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणतोस, "आई, ऐक तरी." मी म्हणते, "तूच ऐक." तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहितेय. पत्र डब्याच्या पिशवीत सगळ्यात खाली, शेंगदाण्याच्या चटणीखाली घातलंय. तेलाचा डाग पडला असेल तर पडू दे.

बाबांचं आधी सांगून टाकते. ते म्हणतात, लोकांची रडगाणी ऐकायचे पैसे मिळत असतील, तर पीएमटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी करताना जी ऐकली त्यांची थकबाकी द्या म्हणावं. म्हणजे त्यांचा विरोध नाही, एवढंच समज. विरोध असता तर ते बोललेच नसते. कोरेगावच्या आत्याला मी फोनवर सांगितलं, पोरगा काउन्सिलर व्हायचं म्हणतोय. ती म्हणाली, "अगं बाई, कुठल्या वॉर्डातून?" नगरसेवक होतोयस असंच वाटलं तिला. मी समजावत बसले नाही. या निमित्ताने तिने स्थळांचं तरी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. तू म्हणतोस, हिंजवडीत पाच वर्षं कोड लिहून झाला, आता माणसांत काम करायचंय. सगळे मित्र तुझ्यापाशीच मन मोकळं करतात, तुला ऐकता येतं, म्हणजे तू थेरपिस्ट व्हायला हवंस. यातलं ऐकता येण्याचं मला पटतं. ते तुला माझ्याकडूनच आलंय. पण त्याच्या पुढची पायरी मला माहीत नव्हती, आणि ती चुकल्यावर काय होतं ते मी एकदा पाहिलंय. तुला हे कधी सांगितलं नाही. तू तेव्हा बारावीला होतास, अभ्यासाच्या नावाखाली पोटमाळ्यावर झोपायचास.

मेसला नांदेडकडचा एक मुलगा होता. एमपीएससीचं चौथं वर्ष. पेठेतली ही पोरं मला ताटावरून कळतात. निकालाच्या आठवड्यात कुणी भाताची मूद तशीच ठेवतो, कुणी न मोजता पोळ्या खातो. याचं वेगळंच होतं. हा पावणेतीनला यायचा, आपली पाटी उलटी करायच्या वेळेला. जेवून झालं तरी उठायचा नाही. एकदा मी मेथी निवडत बसले होते, तर समोर बसून तोही निवडायला लागला. चांगली निवडायचा, कोवळे देठ टाकायचा नाही. अर्धी जुडी झाल्यावर मान खाली ठेवूनच म्हणाला, "काकू, मी या वेळी पूर्वपरीक्षेला बसलोच नाही. सेंटरच्या गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. घरी सांगितलंय, थोडक्यात गेली."

मी त्याला ताक दिलं. होईल सगळं ठीक, म्हटलं. हे आपलं नेहमीचंच वाक्य. त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखं डोळ्यांसमोर यायचं, बाप तिकडे कर्ज काढून पैसे पाठवतोय आणि पोरगा इथे गेटवरून परत येतोय. सकाळी वहीत घरचा नंबर शोधला आणि त्याच्या वडिलांना फोन केला. भलं करतेय असंच वाटत होतं मला. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी वडील आले. जेवा म्हटलं तर नुसतं पाणी प्यायले. बाप-लेक समोरासमोर बसले, पण एकमेकांकडे बघेनात. संध्याकाळी वळकटी बांधून पोरगा स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि मेसचं कार्ड ओट्यावर ठेवलं. साठ चौकोनांपैकी अकरा कोरे होते. म्हणाला, "अकरा जेवणं शिल्लक आहेत. पैसे नकोत. तुम्हाला एकटीला सांगितलं होतं, काकू." आवाज चढवला नाही, रडला नाही. नंतर मी दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. कार्ड अजून अन्नपूर्णेच्या फोटोमागे आहे. बाबांना वाटतं तिथे लाइटचं बिल असतं.

हे परत वर आलं ते मागच्या वर्षी. रात्री साडेआठला एक मुलगी जेवायला यायची, क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करणारी. तुझं हे खूळ कळल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, हे थेरपिस्ट, समुपदेशक, सायकियाट्रिस्ट, सगळे एकच ना? तिने ताटातल्या वाट्या ओळीने मांडल्या. पहिली वाटी सायकियाट्रिस्ट: एमबीबीएस, वर एमडी, औषध लिहून देणारे. दुसरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: एम.ए., त्यावर दोन वर्षं पूर्णवेळ पेशंटमध्ये राहून एम.फिल., आणि मग दिल्लीच्या पुनर्वास परिषदेत नोंदणी. त्या परिषदेचा कायदा १९९२ चा. तिसरी वाटी बाकी सगळ्यांची. ती म्हणाली, "काकू, या वाटीत घट्ट वरणही असतं आणि नुसतं पाणीही असतं. बाहेरून वाटी सारखीच." त्यांच्यासाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा झालाय म्हणे, पण पाटी लावायला अजून कुणी कुणाला अडवत नाही.

आणि तू मला ज्याची जाहिरात पाठवलीस, तो सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, शनिवार-रविवार, शेवटी सर्टिफिकेट. सोन्या, ती पाण्याची वाटी आहे. मेस काढायला सुद्धा मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या खानावळीत पोळ्या लाटल्या. जायचं तर लांबच्या रस्त्याने जा, नाहीतर आहेस तिथे बरा आहेस.

तो लांबचा रस्ताही सध्या खोदून ठेवलाय, रस्ते खोदलेले बघायची आपल्याला सवय आहेच. एम.फिल. ही पदवीच यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बंद केली. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली होती. म्हणून पुढे कुठली पदवी धरली जाते ते परिषदेच्याच कागदावर वाच, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नकोस. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं मानसशास्त्रातलं एम.ए. पूर्वी कुठल्याही पदवीवर करता यायचं, नोकरी न सोडता; २०२५ पासून यूजीसीने दूरशिक्षणातून मानसशास्त्र शिकवणंच बंद केलं. म्हणून कुठलंही एम.ए. धरलंस तरी पुढच्या प्रवेशाला ते चालेल का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घे. तुझं बी.ई. झालंय, म्हणजे अर्ज करायला तुला कुणी शिकवायला नको.

मग मी त्या मुलीला नांदेडच्या मुलाचं सांगितलं. दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून सांगितलं, पण तिने ओळखलं असावं. तिने विचारलं, वय काय होतं? सव्वीस. जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलला होता का? नाही. म्हणाली, "मग आम्हाला फोन करता आला नसता, काकू." २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये पेशंटचं सांगितलेलं बाहेर जाऊ न देण्याचा हक्क लिहिलाय. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, अशा थोड्याच वाटा उघड्या ठेवल्यात. लहान मुलावरच्या अत्याचाराचं कळलं तर उलटं, तिथे पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. मी म्हटलं, मी काही डॉक्टर नाही, मला कुठला कायदा? ती म्हणाली, "हो, तुम्हाला नाही." आणि भात मागितला.

मी विचारलं, मग एवढं सगळं ऐकून तुम्ही घरी जाऊन करता काय? पोटात राहतं ते? ती म्हणाली, दर आठवड्याला सुपरव्हायझरसमोर बसते, काय ऐकलं, मी काय बोलले, कुठे घसरले ते मांडते. तिथलं तिथेच राहतं. वर ती स्वतःही एकीकडे पैसे देऊन जाते, पेशंट म्हणून. मला आधी हसू आलं. मग वाटलं, त्या रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मला असं कुणी असतं, तर सकाळी वही उघडली नसती मी. त्या पोराचं ओझं मला सहन होईना, म्हणून मी ते त्याच्या बापाच्या डोक्यावर दिलं. त्याच्या काळजीपोटी केला असं आजवर म्हणत आले तो फोन.

चांगलं काम करणारी बाई मी पाहिलीय, एकदाच. तुझ्या मामाला येरवड्याला मुक्तांगणमध्ये ठेवलं होतं तेव्हा. तू लहान होतास, तुला मामा नोकरीला बाहेरगावी गेलाय असं सांगितलं होतं. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ती जागा. तिथे दारू सोडलेली माणसंच दुसऱ्यांची सोडवायला उभी असतात. घरच्यांनाही बोलवायचे. मी गेले ती भावाच्या तक्रारींची यादी घेऊन, मामीची बाजू घेऊन. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये "अरेरे" नाही की "बरोबर आहे तुमचं" नाही. मी थांबले तरी त्या थांबल्याच होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मग विचारलं, "तुम्ही त्यांना पैसे किती वेळा दिलेत?" मला इतका राग आला! रिक्षात बसल्यावर मोजायला लागले. संगमवाडीच्या पुलापर्यंत चौदा झाले.

मी त्या जागी असते तर मला चहा पाजला असता आणि मामाला शिव्या दिल्या असत्या. मला बरं वाटलं असतं आणि पंधरावे पैसे दिले असते.

पैशांचं बोलायला हवं. धायरीच्या फ्लॅटचा हप्ता एकतीस हजार. एम.ए. कसंही जमवलंस तरी त्यापुढची पूर्णवेळची दोन वर्षं आणि पेशंट जमेपर्यंतची दोन, असं धर. मेसच्या उत्पन्नातून घर चालेल, हप्ता नाही चालायचा. फ्लॅट भाड्याने देऊन तू परत पोटमाळ्यावर आलास तर निम्मं भागेल. आकडे मांडून आण. तू मला बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीचं सांगितलंस, की आजाराप्रमाणे शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचारच मिळत नाहीत, म्हणजे काम भरपूर. एक तर ती पाहणी बारा राज्यांत झाली, त्यांत आपला महाराष्ट्र नव्हता, हे त्या मुलीनेच सांगितलं. दुसरं, भूक सगळ्यांनाच लागते रे, पण मेस लावतो तो महिन्याचे आगाऊ पैसे देणारा. शास्त्री रोडवर किती खानावळी निघाल्या आणि बंद पडल्या ते तू पाहिलंयस. ज्यांना खरी गरज असेल त्यातल्या निम्म्यांना तुझी फी परवडणार नाही. त्यांचं काय करशील, हे आधी ठरव. मी सध्या बेसिनच्या वर टेली-मानस या सरकारी मदत-फोनचा १४४१६ नंबर लिहून चिकटवलाय. फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. हात धुता धुता पोरं मोबाइलमध्ये नंबर टिपून घेताना दिसतात. मी बघितलं नाहीसं करते. तेवढं शिकलेय.

माझं म्हणशील तर नोकरी आत्ता सोडू नकोस. आधी सहा महिने तू स्वतः कुणाकडे तरी जाऊन बस, त्या खुर्चीत नाही, समोरच्या. दुसऱ्या वाटीतलं माणूस शोध. पैसे मी देते, भिशी लागलीय या महिन्यात. तिथे काय बोलतोस ते मला सांगायचं नाही.

आणि आता जे लिहायला चार दिवस घेतले ते. मागच्या रविवारी भाकरी मोडता मोडता तू मला तुझ्या ऑफिसातल्या मित्राचं सगळं सांगितलंस. बायको माहेरी का गेली, तो रात्री कुठे झोपतो, वकील काय म्हणाला. तुला त्याच्याबद्दल कळवळा होता, ते दिसत होतं. मीही चवीने ऐकलं, पुढे काय झालं विचारलं, वर तुला पिठलं वाढलं. तू गेल्यावर ताटं उचलताना लक्षात आलं, की त्याने तुला एकट्याला सांगितलं होतं. पोटमाळ्यावर बाबाही ऐकत होते.

तो मुलगा गणपतीत आपल्याकडे जेवून गेलाय. परत आला तर मला त्याच्याकडे बघवणार नाही.

येत्या रविवारी फीस्ट आहे, बासुंदी करतेय. लवकर ये, म्हणजे साय मिळेल. ताट वाढलं की मी विचारीनच, त्या तुझ्या मित्राचं काय झालं रे पुढे. सवय आहे, जात नाही. तू काय उत्तर देतोस ते बघते.

तुझी,
आई

ता.क. मधल्या डब्याचं झाकण तुझ्याकडेच राहिलंय. ते आण.