दरडीची लक्षणेही छापा

महोदय,

पापुआ न्यू गिनीतल्या एंगा प्रांतात 24 मे 2024 च्या पहाटे डोंगर खाली आला आणि यांबाली गाव झोपेतच गाडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेचा अंदाज 670 मृतांचा, तिथल्या सरकारचा 2,000 च्या वर. आमच्या वाडीत तेव्हा बहुतेकांनी या देशाचे नाव पहिल्यांदाच ऐकले. मी बोटीवर फिटर होतो, त्या देशाच्या बंदरांना आमची बोट चार वेळा लागली. त्यामुळे ‘निसर्गाचा कोप’ एवढ्यावर विषय मिटवलेला पाहिला की राहवत नाही.

देश सगळा चढउताराचा. मधल्या डोंगररांगेत माउंट विल्हेल्म 4,509 मीटर उंच, त्यात भूकंपाचा पट्टा आणि धो धो पाऊस. राजधानी पोर्ट मोर्सबीहून ले बंदराला जायला गाडीरस्ता नव्हता. विमानाने जा, नाहीतर बोटीने.

1997 साली आम्ही तिथल्या रबाऊल बंदरात खोबरे भरत होतो. ते बंदर म्हणजे ज्वालामुखीचे खचलेले तोंडच, त्यात समुद्र शिरलेला. समोर तावुर्वुर ज्वालामुखी धुमसत होता आणि डेकवर राख पडत होती. पहिल्या दिवशी सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, होज मारायला सांगितले. राख ओली झाली आणि सिमेंटसारखी बसली, पाणी जायची भोके तुंबली. दुसऱ्या दिवशी कोरडीच फावड्याने ओढली. ओल्या राखेची अर्धी गोण उचलायला दोघे लागत होते. 1994 च्या उद्रेकात शहरातली छपरे कशी बसली असतील ते तेव्हा हाताला कळले.

मालाची मोजदाद करणारा टॅली क्लार्क तिथलाच, तोलाई समाजाचा. भूकंपाला ते लोक ‘गुरिया’ म्हणतात. त्याच्या आजीने 1937 चा उद्रेक पाहिला होता. त्यात पाचशेवर माणसे गेली. गुरिया थांबेना झाला की सामान बघत बसायचे नाही, हे तिने नातवंडांना पक्के शिकवले होते. 18 सप्टेंबर 1994 ला गुरिया दिवसभर थांबलाच नाही. मातुपित बेटावरचे लोक संध्याकाळीच निघाले, रात्रीत शहर रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तावुर्वुर आणि व्हल्कन बंदराच्या दोन बाजूंनी फुटले. शहर गेले, पण मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे वेधशाळा होती आणि आधीच्या दशकात शहर सोडण्याची तयारीही करून घेतली होती, हेही सांगायला हवे.

त्याच देशात 1951 च्या जानेवारीत माउंट लॅमिंग्टन फुटला तेव्हा जवळपास तीन हजार माणसे मेली. काही दिवस आधीपासून धूर निघत होता, उतारावरून दरडी सुटत होत्या. पण तो ज्वालामुखी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला, तरी कुजलेला कातळ, त्यावरची माती आणि आत मुरलेले पाणी धोका द्यायला पुरेसे आहे. माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तिन्ही दरडी जुलैतल्या. आपण रोज पावसाचे मिलिमीटर छापता. मृगापासून त्याच चौकटीत एवढेही छापा: जमिनीला नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे किंवा विजेचे खांब कलले, घराची दारे अडकू लागली, तर रात्र वाडीत काढू नका. तालुकावार फोन नंबरही द्या.

आमच्या वाडीच्या वरच्या बांधावर गेल्या पावसात भेग पडली आहे. दोरीने मोजली, अकरा हात भरली. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून दर रविवारी मधले अंतर वहीत लिहितो. ही वही घेऊन कोणाकडे जायचे, ते आधी छापा.

– एक निवृत्त बोटकामगार, ता. दापोली, जि. रत्नागिरी