स्पायडर प्लांट मरते ते पाण्याने

महोदय,

पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून स्पायडर प्लांटची शिफारस ‘हवा शुद्ध करणारे, अंधारातही वाढणारे झाड’ अशी केली जाते. ही दोन्ही विशेषणे त्या झाडाच्या मुळावर आली आहेत. आधार म्हणून सांगितले जाणारे नासाचे १९८९ चे प्रयोग हवाबंद पेटीत झाले होते. दारे-खिडक्यांच्या खोलीत नुसत्या वायुवीजनाइतका उपयोग व्हायचा तरी दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्याने दाखवून दिले. तरी त्या आशेने कुंडी बेडरूमच्या कोपऱ्यात जाते. उजेड कमी पडला की झाड पाणीही कमी ओढते आणि आपण मात्र रोज पेलाभर ओततच राहतो.

मूळ आफ्रिकेतल्या या झाडाची मुळे जाड, पांढरी, मांसल असतात; पाण्याचा साठा त्यांतच असतो. पावसाळ्यात भाजीवालीकडे मिळणारी फोडशी आणि सफेद मुसळी याच क्लोरोफायटम प्रजातीतल्या. (सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपले बोरिवली आहे.) मुसळीची मुळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या झाडाला रोज पाणी का नको ते सांगावे लागणार नाही.

पाने पिवळी पडून लोळू लागली की आधी कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली आणि पाने लांबीत दुमडलेली असली तर झाड तहानलेले आहे. कुंडी दोन-तीन इंच पाण्यात अर्धा तास ठेवावी. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल, तर तो पार कोरडा झाल्यावर वरून घातलेले पाणी नीट धरत नाही. कुंडी जड आणि बुडखा मऊ असेल, मातीला कुबट वास येत असेल, तर मुळे सडली आहेत. झाड बाहेर काढावे. तपकिरी, बोटांनी दाबताच साल निसटणारी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावीत, एक तृतीयांश पाने कमी करावीत आणि उरलेल्या मुळांच्या मानाने लहानच कुंडी घ्यावी. दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग धुतलेली जाड वाळू हे मिश्रण पुरते. तळाला दगडांचा थर घालू नये: बारीक माती पाणी दगडांत सहज सोडत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांजवळ येते. भोकावर खापरीचा तुकडा बास. बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंडीत प्लॅस्टिकची कुंडी ठेवली असेल, तर आत साचलेले पाणी दर वेळी ओतून द्यावे.

पुढे पाणी घालताना वार पाहू नये, बोट पाहावे. दीड इंचापर्यंत माती कोरडी लागली तरच सहा इंची कुंडीला पाव लिटरभर, खालून निथळेपर्यंत. उन्हाळ्यात हे तीन-चार दिवसांनी येते, भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनीही. जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत. पश्चिमेचे ऊन एप्रिल-मेमध्ये पाने भाजते, तिथे पडदा हवा.

टोके तपकिरी होण्याचे कारण निराळे. कधी कोरडी हवा, पण बरेचदा पाण्यातले क्षार. आरओचे वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालण्याची काटकसर इथे महागात पडते, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरवेलच्या जड पाण्याचेही तेच. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी दोन महिन्यांतून एकदा सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. हे झाड फ्लोराइडलाही हळवे आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात ते जास्त असते. पाणी रात्रभर बादलीत ठेवल्याने क्लोरीन उडतो, फ्लोराइड जात नाही. तिथे साठवलेले पावसाचे पाणीच घालावे. सुपर फॉस्फेटही टाळावे, त्यातही फ्लोराइड असते. करपलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. कापायचे तर हिरव्या भागाला धक्का न लावता.

आजारी झाडाला खत देऊ नये. दूध-साखरेचा चहाचा चोथा तर कधीच नको, त्याने चिलटे आणि मुंग्या येतात. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा.

बुडखा पूर्ण सडला असेल तर झाड वाचत नाही. पण तुरा लोंबत असेल तर त्याची पिल्ले (त्यावर आलेली छोटी रोपे) काढून, फक्त बुडाचे कोंब पाण्याला टेकतील अशी पेल्यात ठेवावीत. मुळे इंचभर झाली की तीन-चार इंची कुंडीत लावावीत. जास्त दिवस पाण्यातच वाढवलेली मुळे मातीत रुळायला वेळ घेतात.

पुरवण्यांत घरातल्या झाडांवर लिहिणाऱ्यांनी झाडाच्या नावासोबत उजेड किती आणि पाणी केव्हा, एवढ्या दोन ओळी तरी छापाव्यात, ही विनंती.

एक वाचक, ठाणे